हातउसने

'हातउसने' हा शब्द आमच्या सीमाभागात अजून चांगला जिवंत आहे. वाटीभर साखर, शंभराची नोट, पेरणीच्या दिवसांत बैलजोडी, हे सारे हातउसने चालते. त्याला कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. मात्र एक गोष्ट देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही पक्की ठाऊक असते, की हे कायमचे नव्हे. साखर आज तिच्याकडून आणली तरी डबा आपलाच भरायला हवा. उसन्यावर संसार चालत नाही.

पैशांच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला सहज सुचते. पण एखाद्याने आपल्यासाठी हातच उसना दिला तर? आपल्याला न येणारे काम त्याने आपल्यासमोर, आपल्यासाठी, हसतमुखाने करून दिले तर तो उपकार मानायचा की आणखी काही? शिक्षणाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर हा प्रश्न मला एका दीड व्होल्टच्या सेलने विचारला. त्याची ही हकीकत आहे. हकीकतीत माझी बाजू फारशी उजळ नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आमचे हायस्कूल मराठी माध्यमाचे. मुलांचे पालक बहुतेक उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत आणि मशीनशॉपमध्ये कामाला जाणारे, काही भाजीपाला पिकवणारे, काही छोटे दुकानदार. बेळगावात १९९८ साली तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. त्याच्याही आधीपासून इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. म्हणजे आमच्या शाळेच्या पाच-सात मैलांच्या परिघात काही हजार भावी इंजिनियर नेहमीच वावरत असतात. पण त्यांचे आवार वेगळे आणि आमचे वेगळे. आमची मुले त्यांना सिटी बसमध्ये बघत, तेवढाच संबंध.

२०२३ च्या जुलैत त्यांतले दोघे माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. मुलगा विजापूरकडचा, घरी कन्नड बोलणारा. मुलगी बेळगावचीच, पण शिक्षण सगळे इंग्रजीतून झालेले. शनिवारच्या सकाळच्या शाळेत नववीच्या मुलांकडून विज्ञानाचे प्रयोग करवून घेऊ का, असे त्यांनी विचारले. मी विचारले, "यात तुमचा काय फायदा?" मुलगा लाजला, पण खरे बोलला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेनुसार त्यांना पदवी हाती पडेपर्यंत समाजोपयोगी कामाचे शंभर गुण जमवावे लागतात, आणि आसपासच्या शाळांना मदत करणे हे त्यांत बसते. काम झाल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही हवी असते.

माझ्यातला एम. ए. तिथेच जागा झाला. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी, योग्य ठिकाणी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. अवेळी आणि अवहेलनेने दिलेले ते तामस. शंभर गुणांवर डोळा ठेवून दिलेले विज्ञान उघडच राजस! मी मनातल्या मनात हसलो आणि परवानगी दिली. फुकट मिळत होते, नाही कशाला म्हणा?

पहिल्या शनिवारी त्यांनी सामान आणले ते पिशवीतून. टॉर्चचे सेल, सेफ्टीपिना, सायकलच्या ट्यूबचे रबरी पट्टे, चकतीच्या आकाराचे लोहचुंबक आणि वाइंडिंगची बारीक तार. पंचावन्न मुले, पाच-पाच जणांचे अकरा गट. सेलच्या दोन्ही टोकांना रबराने दोन सेफ्टीपिना उभ्या बांधायच्या, तारेची गुंडाळी करून तिची दोन टोके त्या पिनांच्या नेढ्यांत ओवायची, खाली लोहचुंबक ठेवायचा. गुंडाळी गरगर फिरली की झाली विजेची मोटर! तारेवर व्हार्निशचा थर असतो, तो टोकांना खरवडून काढायचा, एवढी एकच सूचना त्या मुलाने दिली. मुले त्याला लगेच 'अण्णा' म्हणू लागली आणि त्या मुलीला 'अक्का'. हे दोन शब्द मराठी की कन्नड याचा वाद आमच्याकडे कोणी घालत नाही.

अर्ध्या तासाने मी वर्गात डोकावलो. अकरापैकी दहा मोटरी बंद. गुंडाळी झोका घेतल्यासारखी पुढे-मागे हलायची आणि थांबायची. एका मुलाचे वडील मोटर रिवाइंडिंगचे काम करतात. तार खरवडण्यात त्याचा हात बसलेला. त्याने दोन्ही टोके चारी अंगांनी अशी घासली होती की तांबे लखलखत होते. त्याचीही मोटर बंद! आणि फिरत होती ती कोणाची? मागच्या बाकावरच्या एका मुलीची. तिने कंटाळून एक टोक बाकावर आडवे धरून ब्लेडने वरच्या वर अर्धेमुर्धे खरवडले होते. नेटके काम फसले होते आणि आळशी काम चालले होते. वर्गात जो गलका उठला तो माझ्या शाळेत विज्ञानाच्या तासाला मी त्याआधी कधी ऐकलेला नव्हता.

"अण्णा, हिचीच का फिरते?"

अण्णाने गुंडाळी उचलून पाहिली, फिरवून पाहिली, आपल्या सोबतिणीकडे पाहिले. मग फळ्याला टेकून म्हणाला, "मला ठाऊक नाही. पुढच्या शनिवारी तुम्हीपण शोधून या, मीपण शोधून येतो."

मी दारातच चपापलो. या मुलाने डी. सी. मोटरची आकृती परीक्षेत नक्की काढली असेल, तिला पुरते गुणही मिळाले असतील. आणि नववीच्या पोरांपुढे तो 'ठाऊक नाही' म्हणतो! आमच्या विज्ञानाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत 'बघा हे तुमचे इंजिनियर' असे स्पष्ट लिहिलेले होते.

पुढच्या शनिवारी काय झाले ते थोडक्यात सांगतो. रिवाइंडिंगवाल्या मुलाने वडिलांना विचारले होते. त्यांनी जळलेल्या मिक्सरच्या मोटरीचा फिरता भाग त्याच्याबरोबर पाठवला. तांब्याच्या पट्ट्या, मध्ये फटी, आणि त्यांवर घासणारे कार्बनचे तुकडे. पंख्याच्या मोटरीत हे नसते, मिक्सरच्या असते, असेही वडिलांनी सांगून ठेवले होते. तो भाग हातोहात फिरला आणि तासाभरात मुलांनीच उलगडा केला. गुंडाळीतून वीज वाहते तेव्हा लोहचुंबक तिला एका दिशेने ढकलतो, पण अर्धा फेरा झाला की तोच जोर उलटा लागतो. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर ती अशी मध्येच अडते. एक टोक अर्धेच खरवडले तर नेमक्या त्या उलट्या अर्ध्या फेऱ्यात वीज तुटलेली असते आणि आधीच्या वेगावर गुंडाळी पलीकडे जाते. मिक्सरमधल्या तांब्याच्या पट्ट्या याहून हुशारीने वागतात. त्या वीज तोडून थांबत नाहीत, तिची दिशाच बदलून टाकतात. हे सारे मुलांनी अर्धे मराठीत, अर्धे कारखान्याच्या भाषेत आणि थोडे हातवारे करून सांगितले. विजापूरच्या अण्णाला ते सगळे कळले.

इथेच हकीकत संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. 'एक स्तुत्य उपक्रम' म्हणून वार्षिक अहवालात दोन ओळी घालून मी मोकळा झालो असतो.

त्याच डिसेंबरात शाळेला काही पाहुणे भेट देणार होते. देणगीचा विषय होता, फोटोग्राफर येणार होता. उपक्रम दाखवावा असे ठरले. मी अण्णाला बाजूला घेऊन म्हणालो, "या वेळी घोटाळा नको. तुम्हीच गुंडाळ्या नीट तयार करून आणा, मुले फक्त जोडतील." तो क्षणभर थांबला. काही बोलणार होता, पण बोलला नाही. त्याच्या दाखल्यावर माझी सही व्हायची होती, हे मला त्या वेळी सुचले नाही, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अकराच्या अकरा मोटरी फिरल्या. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर ती मागच्या बाकावरची मुलगी माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "सर, ह्या आमच्या न्हवत. आमच्या गुंडाळ्या कुठं ठेवलासा?"

त्या गुंडाळ्या शिपायाने सकाळी खोली झाडताना केराच्या बुट्टीत टाकल्या होत्या.

वाचकहो, त्या प्रश्नाला उत्तर देण्याची ताकद माझ्यात नव्हती. कारण मी चाळीस वर्षे मागे गेलो होतो. मी स्वतः हायस्कूलला असताना लंबकाचा प्रयोग होता. दोरीला गोळी बांधून वीस झोके मोजायचे, वेळ लिहायची, त्यावरून गुरुत्वाचे त्वरण काढायचे. आमच्या गटाचे उत्तर आठच्या आसपास आले. पुस्तकात तर ९.८. आम्ही काय केले? उत्तर आधी लिहिले आणि मागे मागे जात झोक्यांची वेळ 'काढली'. वही तपासून आली तेव्हा खाली 'उत्तम' असा शेरा होता. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस झोक्यांना चाळीस सेकंदांच्या जवळपास वेळ लागतो हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा आमची चूक कुठे झाली, दोरी मोजण्यात की झोके मोजण्यात, हे मात्र मला कधीच कळले नाही आणि आता कळणारही नाही. ती चूकच आम्ही खोडून टाकली होती. विज्ञानाच्या तासाला मी शिकलेला पहिला ठोस धडा खोटे लिहिण्याचा होता, आणि त्याला शाबासकीही मिळाली होती.

डिसेंबरात मी तेच मुलांकडून करवून घेतले, फरक इतकाच की आकड्यांच्या जागी तांब्याची तार होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मदत म्हणजे काय? समोरच्याची अडचण दूर करणे, हे आपले सरळ उत्तर. पण शिकणाऱ्याच्या बाबतीत अडचण हीच पुष्कळदा त्याची मिळकत असते. दहा बंद मोटरी ही त्या वर्गाची मिळकत होती. त्या बंद पडल्या म्हणून अकरावीचे नवल वाटले, नवल वाटले म्हणून प्रश्न आला. ज्याने अडचण उचलून नेली त्याने प्रश्नही उचलून नेला. तो दान देतोय असे दिसते, पण प्रत्यक्षात घेऊन जातो.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप आमच्या बाईंचा. त्या एकदा माझ्यापाशी स्पष्टच बोलल्या, "सर, हे महिन्यातून दोनदा येणार, टाळ्या घेऊन जाणार. फळा रोज आम्ही पुसायचा आणि निकालाचा जाब आम्ही द्यायचा. मी पंचावन्न पोरांना तारा वाटत बसले असते तर तुम्हीच मला अभ्यासक्रम कुठवर आला म्हणून विचारलं असतं." हे अक्षरशः खरे होते. मीच विचारले असते. पाहुण्याच्या उत्साहाचे कौतुक करताना घरच्या माणसाच्या थकव्याकडे आपण पाहत नाही, हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा, की सगळेच मुलाने स्वतः शोधायचे म्हटले तर आयुष्य पुरेल का? मायकेल फॅरडेने विजेच्या जोरावर तार लोहचुंबकाभोवती फिरवून दाखवली ती १८२१ साली. तोही पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला. दोनशे वर्षांत जमवलेले ज्ञान प्रत्येक पोराने पुन्हा पहिल्यापासून खणून काढावे, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. पूर्वजांनी बांधलेल्या विहिरीचे पाणी प्यायला कोणी लाजत नाही.

हे मान्य आहे. मग रेघ कुठे ओढायची? मी पुष्कळ विचार करून स्वतःपुरता एक नियम केला आहे. नाव सांगावे, धोका सांगावा, शेवट सांगू नये. वस्तूला काय म्हणतात हे शोधून सापडत नाही, ते सांगायलाच हवे. घरातल्या बोर्डाला हात लावायचा नाही, हे अनुभवाने शिकू देण्याची गोष्ट नव्हे, ते दरडावून सांगावे. पण या दोहोंच्या मधली जागा मुलाची. तिथे मोठ्यांनी हात पाठीमागे बांधून उभे राहायला शिकले पाहिजे. आणि तेच फार कठीण असते. ज्याला येते त्याला गप्प राहणे जमत नाही.

या बाबतीत आपल्याच देशातला एक मोठा प्रयोग मला आठवतो. मध्यप्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. सरकारी शाळांतली सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले लोक तिथे येत, पण मुख्यतः शिक्षकांबरोबर काम करायला. कानपूरच्या आय. आय. टी.तून इंजिनियर होऊन पुण्याच्या मोटार कारखान्यात नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी मुलांना भूमिती हाताळायला दिली. पुढे पुण्याच्या 'आयुका'मध्ये त्यांनी मुलांसाठी वर्षानुवर्षे खेळणी केली, आणि सेल, दोन सेफ्टीपिना व गुंडाळी यांची ती साधी मोटर आज आपल्याकडे घराघरांत पोचली आहे, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालून शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली सरकारने तो बंद केला.

त्यातून मी दोन गोष्टी घेतो. बाहेरून आलेल्याने वर्गातल्या शिक्षकाला वगळून मुलांपर्यंत पोचू नये. शिक्षकाचा हात बळकट करून स्वतः बाजूला व्हावे. बाईंच्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. दुसरे असे, की सामान स्वस्त आणि मोडण्यासारखे असावे. केंद्र सरकारने २०१६ पासून निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आणली. योजना चांगली आहे. पण माझ्यासारखा मुख्याध्यापक असेल तर तो त्या महागड्या यंत्रावर आधी कापड घालील आणि मग खोलीला कुलूप. सेफ्टीपिनेला कुलूप घालावेसे कोणाला वाटत नाही.

राहिला प्रश्न त्या शंभर गुणांचा. गुणांसाठी केलेली मदत ही मदत आहे का? मी सुरुवातीला हसलो होतो. आता हसत नाही. माणूस कोणत्या हेतूने दारात आला हे त्याला स्वतःलाही पुरते ठाऊक नसते. आपण शिक्षक तरी पगाराशिवाय कुठे शिकवतो? हेतूची परीक्षा दारात होत नाही, मोटर बंद पडते तेव्हा होते. नुसत्या गुणांसाठी आलेला माणूस ती पटकन चालू करून देईल, कारण त्याला फोटो आणि सही घेऊन जायचे असते. अण्णाने 'ठाऊक नाही' म्हटले त्या क्षणी त्याचे राजस दान सात्त्विक झाले, असे मला वाटते. पुढे ते पुन्हा खाली घसरले ते माझ्या शब्दाखातर. म्हणजे या हिशेबात गुणांच्या मागे लागलेला माणूस मी होतो.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात, सर्वांसमोर, खरे काय ते सांगितले. गुंडाळ्या केरात गेल्या, आणि त्या दिवशी फिरल्या त्या तुमच्या नव्हत्या, असे. फार मोठे काही झाले नाही. मुलांनी ऐकून घेतले. रिवाइंडिंगवाल्या मुलाने "तार हाय सर घरात, परत करूया" म्हटले, इतकेच. अण्णाच्या दाखल्यावर मी सही केली. त्याआधी त्याची क्षमा मागितली. तो इतका गोंधळला की उभाच राहिला.

अण्णा आणि अक्का पुढच्या वर्षी पदवी घेऊन गेले. त्यांच्या जागी दुसरी दोघे आली. आता सामानाची यादी बाई करतात आणि प्रश्न काय ठेवायचा हे शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांच्याशी बसून ठरवतात. आलेली मुले वर्गात मदतनीस असतात. एखाद्या शनिवारी ती आली नाहीत तर बाई एकट्या घेतात. अभ्यासक्रम कुठवर आला हे विचारायचे मी सोडलेले नाही. मुख्याध्यापकाची खोड आहे ती. पण आता त्याबरोबर काय फुटले, हेही विचारतो.

कारण एक खरी गोष्ट सांगायची राहिली. आमच्या शाळेत विज्ञानाच्या साहित्याचे एक काचेचे कपाट आहे. त्यातल्या प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात असते. तपासणीला अधिकारी येत तेव्हा ते रजिस्टर मी अभिमानाने पुढे करीत असे. वर्षानुवर्षे एकही वस्तू फुटलेली नाही, एकही हरवलेली नाही! त्या रजिस्टरचे नाव किती नेमके आहे हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

कपाटाची किल्ली आता बाईंकडे असते. गेल्या वर्षी तीन परीक्षानळ्या, एक बहिर्गोल भिंग आणि एक तापमापक फुटला. पाचही नोंदी मी माझ्या हाताने केल्या. शेवटच्या रकान्यात कारण लिहावे लागते. तिथे काय लिहावे याचा थोडा विचार केला, आणि 'मुलांनी वापरले' असे लिहून खाली सही केली.